नियमावली वाचून यावे

मोफत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या त्या सात जणांच्या मंडळात मास्तरांचा दरारा मोठा. पगार शून्य, पण रुबाब न्यायाधीशाचा. सॉफ्टवेअरचं काम एकच: नवजात बाळांच्या पेटीत तापमान घसरलं की परिचारिकेच्या टेबलावर भोंगा वाजवायचा. कुणी चूक कळवली, की मास्तर आधी कळवणाऱ्याच्या चुका काढत. अर्जात अकरा रकाने होते. एखादा जरी कोरा राहिला, तरी 'नियमावली वाचून यावे' एवढं उत्तर देऊन ते अर्ज बंद करत.

सोमवारी एका नवख्या बाईंनी लिहिलं, 'नमस्कार. मी परिचारिका आहे, यातलं फारसं कळत नाही. आमचा भोंगा कधीकधी वाजत नाही. कुठे सांगायचं?' नऊ रकाने कोरे. मास्तरांनी नेहमीचं उत्तर दिलं, वर 'कान तपासून घ्या' अशी भर घातली. मंडळातल्या चौघांनी हसरे चेहरे लावले.

गुरुवारी मास्तरांची बहीण पाच आठवडे आधीच बाळंत झाली. दुपारी मास्तर काचेतून पेटी क्रमांक तीनमधली भाची बघत होते. मग त्यांची नजर टेबलावरच्या स्क्रीनवर गेली. कोपऱ्यातलं निळं चिन्ह त्यांनी स्वतःच काढलेलं होतं. म्हणजे इथला भोंगाही त्यांच्याच सॉफ्टवेअरचा होता.

"घाम कसला फुटलाय रे?" चाकाच्या खुर्चीतून ताईने विचारलं.

"उकडतंय."

"एसी चालू आहे. मामा झालायस, फाशी नाही झालेली."

मास्तरांनी दारातून परिचारिकेला विचारलं, "सिस्टर, भोंगा वाजतो ना?"

"वाजेल की, वेळ आली की."

स्क्रीनवर ३६.७ होतं. मास्तरांनी फोन काढून परिचारिका बाईंचा सोमवारचा अर्ज पुन्हा उघडला. पहिला मसुदा 'आपण अपुरी माहिती दिल्यामुळे' असा सुरू झाला, तो पुसला. मग लिहिलं, 'माझं चुकलं. भोंगा नेमका कधी वाजत नाही? जमेल तसं सांगा, रकाने राहू द्या. माझी भाची पेटीत आहे.'

वीस मिनिटं गेली. ३६.५. त्याखाली गेलं की भोंगा वाजायला हवा, हा आकडा मास्तरांनीच ठरवलेला होता.

उत्तर आलं. 'कान तपासा म्हणणारे तुम्हीच ना? परत ओरडणार नाही ना?'

'मीच. नाही ओरडणार.'

पलीकडे बराच वेळ टाइप होत राहिलं. ३६.३. भोंगा वाजला नाही. मास्तर काचेकडे वळले, तेवढ्यात उत्तर आलं.

'एका बाळासाठी भोंगा गप्प केला आणि त्याच पेटीत दुसरं बाळ ठेवलं, तर तो गप्पच राहतो. आमच्याकडे दोनदा झालं. नशिबाने मी शेजारीच होते.'

मास्तरांनी काच बडवली. "सिस्टर! तीन नंबरात आधी दुसरं बाळ होतं?"

"होतं. सकाळी हलवलं."

"त्याचा भोंगा बंद केला होतात?"

"सारखा कोकलत होता, म्हणून..." वाक्य अर्धवट टाकून ती धावली. पेटीत हात घातला. "पाय गार पडलेत! डॉक्टरांना बोलवा!"

पेटीच्या हीटरचा प्लग सैल झाला होता. तो घट्ट बसवला. ताई खुर्चीतून उठायला बघत होती. "काय झालं? अरे, बोल ना!" मास्तरांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. ३६.१. पुन्हा ३६.१. बऱ्याच वेळाने ३६.२.

फोन थरथरला. 'बाळ कसं आहे? मी निघते आता, ड्यूटी आहे.'

'जाऊ नका,' मास्तरांनी लिहिलं. 'म्हणजे, जमलं तर. आणखी काय काय वाजत नाही, तेही सांगून ठेवा.'