संपर्कासाठी आप्पांचा नंबर

वेब डिझाईनच्या क्लासला पहिल्याच दिवशी मी माझं नाव ठळक करायला गेले आणि पानावरचा प्रत्येक शब्द ठळक होऊन बसला. अक्षरं ठळक करायच्या खुणेचा, म्हणजे टॅगचा, पहिला भाग लिहिला होता, बंद करणारा लिहायचा राहिला होता. सर म्हणाले, "सृष्टी, एवढं ओरडून कुणाला सांगतेस?" अख्खा वर्ग हसला. मीही हसले.

कर्जतच्या बाजारतळाजवळ, खताच्या दुकानाच्या माडीवर हा क्लास होता. तीन महिन्यांचा. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं मी घरात भाकऱ्या थापत होते. शेवटी आईनं आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मागे लागून परवानगी काढली. "जाऊ दे. लगीन ठरस्तोवर मन रमंल तिचं," एवढ्या बोलीवर ते तयार झाले. मला मन रमवायचं नव्हतं, नोकरी पाहिजे होती. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण आमच्या घरात मुलीला 'भाजीत मीठ टाकलं का' यापलीकडे काही विचारायची पद्धत नाही.

शेवटच्या महिन्यात प्रत्येकानं स्वतःचं पान करायचं होतं. मी कोण, मला काय येतं, मी काय केलंय. कंपन्यांना पाठवायचं ते हेच. नमुना म्हणून मी आमच्या लिंबोणीच्या बागेचं एक पान केलं, गावातल्या शिवणक्लासचं एक केलं. बटणाचा रंग इतक्यांदा बदलला की शेजारची मुलगी वैतागली. मोबाईलवर पान उघडलं की माझा फोटो अर्धा स्क्रीनबाहेर जायचा. तो आत आणायला दोन दिवस गेले, आणि आला तेव्हा मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

उरली होती संपर्काची जागा. मुलीचा नंबर असा चारचौघांत टाकायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शाळेच्या फॉर्मपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे आप्पांचाच नंबर. मी सवयीनं तोच टाकला. सरांनीही तो चालवून घेतला. वर्गातल्या सगळ्याच मुलींनी बापाचा नाहीतर भावाचा टाकला होता.

पुण्याच्या एका लहानशा कंपनीला मी ते पान पाठवलं. घरी बसून करायचं काम होतं, पहिले सहा महिने शिकाऊ. त्यांची मेल आली: पान आवडलं, पानावरच्या नंबरवर फोन करू. मी आप्पांना सांगून ठेवलं, "नोकरीचा फोन येणारे. आला की मला द्या." ते "बरं" म्हणाले. मग रोज जेवताना मी विचारायचे आणि रोज ते नुसती नकाराची मान हलवायचे.

तिसऱ्या आठवड्यात राहीबाई आत्या आली, आणि चहा पिता पिता आप्पांनी किस्सा रंगवला. "आगं, पुन्याच्या एका बाईचा फोन. म्हनली, सृष्टीचं पान बघितलं, आमाला लई पसंत पडलं. मला वाटलं, स्थळच आलं! म्या इचारलं, पोरगा काय करतो? जमीन किती? बाई गप्पच! ठिवला की फोन तिनं." आत्यानं हसून हसून तोंडाला पदर लावला. आईही हसली. माझ्या अंगाची आग झाली, पण मी गिळलं. म्हटलं, साधा माणूस, गोंधळला असेल. नंबर टाकणारी तर मीच.

त्या बाईंची माफी मागावी, निदान पुन्हा एकदा विचारावं, म्हणून मी नंबर शोधायला आप्पांचा मोबाईल घेतला. त्यात प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होतो. जमिनीच्या मोजणीच्या भानगडीत त्यांनीच ते चालू करून घेतलं होतं. बाई नेमकं काय म्हणाल्या ते कळावं म्हणून मी ऐकलं.

बाई अगदी स्वच्छ बोलत होत्या. कंपनी कोणती, काम काय, सगळं. आप्पाही स्वच्छच बोलत होते. "व्हय, नोकरीचं ना, कळलं मला. पन तिचं लगीन ठरलंय. सासरचे नोकरी करू देनार न्हाईत. तुमी परत फोन करू नका." बाई म्हणाल्या, "काम फार छान आहे हो तिचं." त्यावर आप्पा म्हणाले, "हुशारच हाय आमची पोरगी. पह्यल्यापास्नं." आवाजात खराखुरा अभिमान होता. माझ्या तोंडावर ते असं एकदाही म्हणालेले नाहीत.

स्थळ नव्हतं, मुलगा नव्हता, सासर तर कुठलंच नव्हतं.

मी त्या नंबरवर फोन लावला. जागा भरली होती. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "असू दे गं. लग्न कधी आहे?" मी फोन ठेवून दिला.

आप्पा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आप्पा, पुण्याच्या बाई विचारत होत्या, लग्न कधी आहे?"

त्यांनी मान वर केली. "कुनाचं?"

आधी मला वाटलं, नाटक करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नाटक नव्हतं. येईल-जाईल त्याला सांगून सांगून त्यांना तो स्थळाचा किस्साच खरा वाटायला लागला होता, आणि माझी नोकरी आपण कशी घालवली ते त्यांना आठवतही नव्हतं. लपवत असते तर मी भांडले असते, रडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं. विसरलेल्या माणसाशी कसं भांडायचं?