उजवा बदलला, डावा मीच राहिलो

मी एक जुना शॉकअप आहे. गाडीच्या चाकाजवळ बसून रस्त्याचे धक्के गिळायचे, हे माझे काम. मित्रांनो, माझी हकीकत ऐकून तुम्हाला वाईट वाटले तर वाटू द्या. मला आता तसे काही वाटत नाही.

कारखान्यातले दिवस आठवत नाहीत. आठवते ते डोंगरातल्या नारिन गावातले अंगण. शारशेन टॅक्सीवाल्याने आम्हा दोघा भावांना एकाच दुपारी पुढच्या चाकांवर बसवले, मला डावीकडे, त्याला उजवीकडे. बोल्ट त्याने स्वतः आवळले. त्याच्या आईने, बातमा आजीने, शुभ म्हणून गाडीवरून मूठभर गोळ्या-चॉकलेटे उधळली. पुढे कित्येक वर्षे आम्ही खिंडीतले खड्डे गिळले. "शारशेन, ही गाडी आहे की पाळणा?" असे उतारू म्हणायचे. तेव्हा बरे वाटायचे.

मग एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन शारशेन गेला. घरातल्या बायका सूर धरून रडल्या. त्याची बायको सालकिन रीतीप्रमाणे काळा रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून बसली, पण रडली नाही. चाळिसाव्या दिवसाचे जेवण उरकले आणि तिने टॅक्सीची किल्ली उचलली. घर चालवायला दुसरे कोण होते?

उन्हाळ्यात माझ्या भावातून तेल गळू लागले. शारशेनचा चुलतभाऊ तुर्दाकुन गाड्या दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "वहिनी, दोन्ही बदलू. जोडीनं घातलेत, जोडीनंच काढायचे."

बातमा आजी कडाडली, "माझ्या लेकाच्या हातचे बोल्ट आहेत ते! त्याच्या वर्षाचं जेवण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"अगं काकू, एका पायात नवा बूट, दुसऱ्यात फाटका, अशी खिंड चढशील का तू?"

"गळतोय तो काढ मेल्या, आणि गप बस. डाव्याला काय धाड भरलीय?"

तुर्दाकुनने सालकिनकडे पाहिले. "मला काय," ती म्हणाली. "तुम्ही ठरवाल ते."

भाऊ गेला. त्याच्या जागी नवा, कडक गडी आला. मी तेवढा राहिलो, कारण मी गळत नव्हतो. वरून कोरडा ठणठणीत होतो. आतला जीव केव्हाच गेला होता, पण ते दिसायचे कसे?

वर्षाच्या जेवणाचा पिठा-तांदळाचा बाजार घेऊन सासू-सुना खिंड उतरत होत्या. खडीच्या वळणावर सालकिनने ब्रेक दाबला. उजव्या चाकाने रस्ता धरला. माझे चाक नुसते हवेत उड्या मारत राहिले. मी काहीच करू शकलो नाही. गाडी उजवीकडे फिरली आणि दरीच्या कडेला जाऊन थांबली.

"अल्ला!" आजी किंचाळली. "गेलो असतो गं!"

सालकिनचे हात स्टिअरिंगवरच होते. "आई," ती शांतपणे म्हणाली, "दरी दिसली मला. पण भीतीच वाटली नाही. काहीच वाटलं नाही."

गावात शिरताच आजी गाडी सरळ तुर्दाकुनच्या दारात न्यायला लावून म्हणाली, "काढ तो डावा. आत्ताच्या आत्ता."

"आणि वर्षाचं काय, काकू?"

"वर्ष गेलं खड्ड्यात. ही पोर जिवंत राहायला हवी मला."

तुर्दाकुनने मला काढून दाबले. मी आत गेलो तो तिथेच राहिलो, परत वर आलो नाही. आजीने माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे. "तू रडली नाहीस म्हणून मला वाटलं, घट्ट आहेस," ती म्हणाली. "मी एकदासुद्धा विचारलं नाही गं तुला."

"आई, माझे हात कापायला लागलेत."

"कापू देत," आजीने ते दोन्ही हात धरले. "कापू देत, बाई."

मित्रांनो, मी आता भंगारात पडून आहे, आणि माझी तक्रार नाही. मागणे एवढेच आहे. जोडीतला एक गेला, की उरलेल्यालाही हात लावून बघा. तो गळत नसेल, कुरकुरत नसेल, तर जरा लवकर बघा.