कुजबुजणारं कोठार

बसच्या बाहेरच्या आरशावर एक चिमणी बसली होती. तिची चोच उघडायची, मिटायची, आणि दर वेळी गळ्याखालची पिसं किंचित फुगायची. ती चिवचिवते आहे, हे मला त्या पिसांवरून कळलं. गेली काही वर्षं चिमण्या माझ्यासाठी मुक्या झाल्या आहेत. बसचं इंजिन, दार आपटल्याचा दणका, ड्रायव्हरचा खोकला, हे सगळं मला नीट ऐकू येतं. कानातल्या ज्या पेशी उंच सूर टिपतात, त्या आधी मरतात. खालचे सूर बराच काळ टिकतात. कॉलेजात ध्वनीच्या तासाला मी हे दर वर्षी शिकवते. ते मी स्वतःबद्दल सांगते आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, अशी माझी समजूत होती.

माझ्या थोरल्या बहिणीला ते माहीत होतं. बरेच दिवस ती फोनवर एकच सांगत होती, कानाला यंत्र लावून घे. मी विषय बदलायचे. एकदा ती म्हणाली, लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात, तुझी तर पहिल्या कानापाशीच पंचाईत. आम्ही दोघी हसलो. पण आमच्या वडिलांचं यंत्रही आम्ही दोघींनी पाहिलं होतं. ते लावल्यावर लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले, आणि हळूहळू त्यांना वगळूनच बोलू लागले. वर्गात माझं तसं व्हायला नको होतं. त्यापेक्षा वर्ष संपलं की नोकरीच सोडावी, असं मनात घोळत होतं. तेही मी कुणाला धड सांगितलं नव्हतं. धरवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

सहल इतिहासवाल्या सरांनी काढली होती. मुलं माझी, भौतिकशास्त्राची, म्हणून मी बरोबर. सकाळी आम्ही नदीवरचा जुना दगडी पूल पाहिला. सर कमानीखाली उभे राहून रंगात येऊन सांगत होते, आणि मी त्यांचं तोंड दिसेल अशी समोर उभी होते. मागून एका मुलाने काहीतरी विचारलं. लगेच भोंगा मोठ्याने म्हणाली, "सर, तो विचारतोय, कमानीचा मधला दगड आधी बसवतात की शेवटी?"

भोंगा म्हणजे आमच्या वर्गातली एक किडकिडीत मुलगी. कुणीही प्रश्न विचारला की ती तो खणखणीत आवाजात परत म्हणते, म्हणून हे नाव. हिला कॉलेजच्या गेटवर बसवा, घंटेची गरज उरणार नाही, असं सर म्हणायचे. मला तो उतावळेपणा वाटायचा. पण माझ्या सोयीचा होता, म्हणून मी कधी अडवलं नाही.

डबे खाऊन झाल्यावर आम्ही शेतांच्या मधोमध उभं असलेलं धान्याचं जुनं कोठार पाहायला गेलो. विटांचं, गोल, वर घुमट. आत आता धान्य नव्हतं, नुसता गारवा आणि कोरड्या विटांचा वास. या कोठाराची ख्याती अशी, की भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर पलीकडच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्या माणसाला ते शब्दन् शब्द ऐकू येतं. सर म्हणाले, भिंतीला कान असतात हे माहीत होतं, हिला तोंडही आहे. वक्र भिंतीला बिलगून ध्वनी कसा पुढे सरकतो ते मी समजावून सांगितलं, आणि मुलं जोड्या करून भिंतीला चिकटली. मी दाराजवळच थांबले.

थोड्या वेळाने भोंग्याने पलीकडून हाताने खूण केली, मॅडम, तुम्ही पण या. तिच्याभोवती सगळी मुलं जमली होती. नाही म्हणायला कारण सापडेना. मी डावा कान, त्यातल्या त्यात बरा, भिंतीला लावला. वीट थंडगार होती. भोंगा भिंतीकडे तोंड करून वाकली. मला माझ्याच नाडीचे ठोके तेवढे ऐकू येत होते.

ती मागे वळली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हसून म्हणाले, "वा. अगदी स्पष्ट."

कुणीच हसलं नाही. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला उमगलं की भिंतीतून आला होता तो प्रश्न होता. त्याला उत्तर हवं होतं.

भोंगा अख्खं कोठार ओलांडून आली आणि माझ्या डाव्या बाजूला, दारातला उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली. जागा तिने शोधली नाही. तिचे पाय आपोआप तिथे थांबले, आणि ती नेहमी तिथेच उभी राहते हे मला पहिल्यांदा दिसलं.

"चुकलं माझं, मॅडम," ती म्हणाली. "कुजबुजताना घशातला खालचा आवाज नसतोच, नुसती हवेची उंच सळसळ असते. तुम्हीच शिकवलंय. ती तुम्हाला कशी ऐकू येणार? माझ्या डोक्यातच नाही आलं."

मग तिने सावकाश सगळं सांगितलं. प्रश्न परत म्हणणं ही तिची सवय नव्हती, ड्यूटी होती. वरच्या वर्गातल्या मुलांनी जाताना यांना सांगून ठेवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या वरच्यांनी. मॅडमशी डावीकडून बोलायचं. त्या फळ्याकडे वळल्या की काही विचारायचं नाही. हळू बोलणाऱ्यांनी पुढच्या बाकांवर बसायचं. प्रश्न एकाने मोठ्याने परत म्हणायचा. आणि यातलं काहीही मॅडमना कळू द्यायचं नाही. यंदा वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचा, म्हणून काम तिच्याकडे आलं. गेल्या वर्षी एक लंबू होता. तोही मला उतावळाच वाटला होता.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी इतकी वर्षं वर्गात वावरत होते. आणि मुलं वाटी कलंडू नये म्हणून ती धरून बसली होती.

हा क्षण आला तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं मला नेहमी वाटायचं. तसं झालं नाही. लोक वडिलांशी बोलायचे तसं यातलं एकही मूल माझ्याशी कधी बोललं नव्हतं. सगळं माहीत असून ही मुलं माझ्याशी मार्कांवरून भांडली होती, अवघड प्रश्न घेऊन आली होती, फळ्यावरची माझी चूक दाखवताना त्यांनी जराही दयामाया केली नव्हती. मी भिंतीवर हात टेकून उभी राहिले.

"विचारलं काय होतंस?" मी म्हणाले.

"शेवटच्या वर्षालाही तुम्हीच असणार ना? कुणीतरी म्हणत होतं, तुम्ही सोडताय."

सरांनी दारातून माझा चेहरा पाहिला आणि मुलांना बाहेर पिटाळायला सुरुवात केली. चला, चला, ड्रायव्हरसाहेब माझ्या इतिहासातल्या राजेरजवाड्यांचे मिंधे नाहीत, ते निघून जातील. मुलं हसत बाहेर पडली. उत्तर राहून गेलं.

परतताना मी पुढच्या उजवीकडच्या सीटवर बसले. तिथे बसलं की डावा कान सगळ्या मुलांकडे राहतो. ही सीट दर सहलीला मला रिकामी मिळते, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. बाहेरच्या आरशात संध्याकाळची शेतं मागे मागे जात होती. कुणी गाणी म्हणत होतं, कुणी झोपलं होतं. मी उठून ड्रायव्हरकडून माइक मागून घेतला आणि मुलांकडे तोंड करून उभी राहिले. बस शांत झाली. कुणी काही विचारलं तर परत म्हणावं लागेल म्हणून भोंगा सवयीने अर्धवट उठली. मी तिला हातानेच बसायला सांगितलं.

"तुम्ही माझ्यासाठी जे करत आलात, ते मला आज कळलं," मी म्हणाले. "तुमच्या आधीच्यांनी केलं, तेही. त्यांना भेटलात तर सांगा, मॅडमनी आभार मानलेत. आणि कोठारात एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

सर वळून माझ्याकडे पाहत होते.

"शेवटच्या वर्षाला मीच शिकवणार आहे," मी म्हणाले. "दोन्ही कानांना यंत्रं लावून. उद्या बहिणीला घेऊन मी कानाच्या डॉक्टरांकडे जाते आहे."