स्टेशनाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या

चिगुसाचं बोट फोनच्या पडद्यावर अधांतरी थांबलं होतं. 'ट्विन : शेवटची एक खोली.' त्याखाली, 'सिंगल : तीन खोल्या.' ती बघत असतानाच तिनाच्या दोन झाल्या.

गायक कुराताच्या निरोपाच्या दौऱ्याच्या तारखा नुकत्याच जाहीर झाल्या होत्या. तिकिटं मिळणार की नाही ते महिन्याभराने सोडतीत कळणार, पण तोवर हॉटेलसाठी थांबेल तो चाहता कच्चा. आधी खोली धरायची आणि सोडतीत नाव नाही निघालं तर डोळे पुसत ती रद्द करायची, ही या मंडळींची रीत. दुसऱ्या शहरात मैफलीला जाण्याला ती 'मोहीम' म्हणत. चिगुसाने आजवर अशा इतक्या मोहिमा केल्या होत्या की ओकायामातल्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात, जिथे ती कामाला होती, तिथली मालकीण कुराताला 'तुमचे जावईबापू' म्हणायची. आत्ताही ती एप्रन न सोडताच मागच्या फ्रिजला टेकून उभी होती आणि कानाला इअरफोन लावून हात्सुएशी बोलत होती.

"हात्सुए-सान, मिळतंय हो! नागोयाचं. स्टेशनाला जोडूनच आहे. रस्त्यावर पाऊलसुद्धा टाकायला नको."

"अगं बाई! आपण श्रीमंत कधी झालो?"

"शेवटची मोहीम आहे. आणि तुमचा गुडघा—"

"त्याचं नाव काढू नका. तो ऐकतो आणि लगेच लाडात येतो."

"मग धरू ना?"

"तुम्ही ठरवाल ते. तुमच्यावर सोपवलं."

आमच्याकडे हे वाक्य उठता-बसता वापरलं जातं. बोलणाऱ्याला वाटतं आपण समोरच्याला मोकळीक दिली, आणि ऐकणारा बिचारा त्या क्षणापासून दुसऱ्याच्या मनात काय असेल याचे अंदाज बांधत बसतो. चिगुसाही बसली.

तीस वर्षांत दोघी दरवेळी एकाच खोलीत राहिल्या होत्या. एका मैफलीच्या रांगेत हात्सुएने आपली छत्री हिच्या डोक्यावर धरली, तिथून ओळख सुरू झाली. हात्सुए मात्सुमोतो गावची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेली. दोघींनी एकमेकींचं घर कधी पाहिलं नव्हतं. चिगुसाचा नवरा गेला तेव्हा हात्सुएने फुलं पाठवली, हात्सुएचा गेला तेव्हा चिगुसाने उदबत्त्या. बाकी सगळं मैत्र हे मैफलीच्या गावातल्या स्वस्त खोल्यांमधलं. कार्यक्रमाहून परतलं की हॉटेलचे सुती झगे चढवायचे, बिअरचे डबे उघडायचे, हात्सुएने घरून आणलेलं पाल्याचं लोणचं मधे ठेवायचं आणि 'आढावा सभा' भरवायची. कुठलं गाणं कितवं झालं, कुराताने कुठे शब्द गाळला, याच्यावर भांडायचं. मग दिवे मालवल्यावर, आढ्याकडे बघत, दोघी खरं बोलायच्या.

आता कुराताच थांबणार म्हटल्यावर भेटायला निमित्त उरणार नव्हतं. तारखा कळल्यापासून चिगुसा अस्वस्थ होती ती कुराताच्या निवृत्तीने नव्हे. गाण्यांच्या तबकड्या घरात होत्याच. हात्सुए मात्र कुठल्या तबकडीत मिळणार नव्हती. या खेपेला काही झालं तरी तिला विचारायचं, की गाणं नसलं तरी आपण भेटत राहू या का, हे चिगुसाने पक्कं केलं होतं.

मग दोघींसाठीची ती ट्विन खोली तिने का धरली नाही? कारण गेल्या वसंतापासून तिला झोपताना नाकावर मुखवटा चढवावा लागे. झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी उशाशी एक यंत्र दिलं होतं. त्याची नळी हत्तीच्या सोंडेसारखी छातीवर लोळायची आणि ते रात्रभर फुसफुसत राहायचं. न लावावं तर घोरणं असं, की पलीकडच्या घरातल्या म्हातारबुवांनी एकदा अगदी नम्रपणे विचारलं होतं, घरात काही दुरुस्ती चाललीय का. हात्सुएसमोर ती सोंड लावून झोपायचं, या कल्पनेनेच तिचे कान तापले. सांगून टाकलं असतं तर हात्सुए पोट धरधरून हसली असती आणि विषय संपला असता. पण चिगुसाला ते सुचलं नाही, आणि आपण लाजतोय हे स्वतःशी कबूल करायलाही ती तयार नव्हती. हात्सुएची झोपमोड नको, असं तिने मनाशी ठरवलं. पडद्यावर सिंगलचा आकडा पुन्हा हलायच्या आत तिने दोन्ही खोल्या धरल्या.

"झालं," ती म्हणाली. "दोन सिंगल घेतल्या. म्हणजे तुम्हाला निवांत झोपता येईल."

पलीकडे कुकरची शिट्टी झाल्यासारखं काहीतरी वाजलं, मग हात्सुए म्हणाली,

"किती विचार करता हो माझा!"

चिगुसाला हायसं वाटलं. मालकिणीने आतून हाक मारली तशी ती भाताकडे धावली.

सोडतीत नाव निघालं. हिवाळा ओसरता ओसरता दोघी नागोयाच्या स्टेशनात भेटल्या. हात्सुए थोडी वाळली होती, पण जिभेचा पट्टा तसाच होता.

"चला, तुमचा राजवाडा दाखवा."

राजवाडा दाखवायला वेळच लागला नाही. गेटमधून बाहेर, डावीकडे सरकता जिना, काचेचं दार, लिफ्ट. पूर्वी हॉटेल शोधण्यातच त्यांचा अर्धा दिवस जायचा. हात्सुए नकाशा उलटा धरायची, चिगुसा चुकतंय हे कळूनही गप्प राहायची, मग दोघी कुठल्यातरी भलत्याच गल्लीत नूडल्सच्या दुकानात शिरायच्या आणि तिथल्या बाईला रस्ता विचारायच्या. आज बोलायला सुरुवात करावी तोवर लिफ्टचं दार उघडलं होतं.

"बाई बाई, घाम पुसायलासुद्धा वाव नाही," हात्सुए म्हणाली. "पैसे कशाचे घेतात ते कळलं."

"सोयीचं आहे ना?"

"सोयीचं? अहो, एवढी सोय आमच्या सासरी असती तर मी कुराताकडे कशाला आले असते!"

खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर मिळाल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने त्याबद्दल वाकून माफी मागितली आणि हवं तर बघते म्हणाली. दोघींनी एकदमच हात हलवून नको, नको म्हटलं. तिला कशाला त्रास.

मैफल कशी झाली ते काय सांगायचं. कुराता सत्तरीचा, आवाज वरच्या पट्टीत फाटत होता आणि तो फाटला की सभागृह आणखी जोरात टाळ्या वाजवत होतं. शेवटच्या गाण्याला हात्सुएने चिगुसाचं मनगट धरलं आणि दिवे लागेपर्यंत सोडलं नाही. तिचा हात गार होता. चिगुसाला वाटलं, आत्ताच विचारावं. पण आजूबाजूला सगळे रडत होते आणि रडण्याच्या भरात विचारलेलं खरं धरलं जात नाही, म्हणून तिने तो प्रश्न हातचा राखून ठेवला.

परत येताना गाडीत दोघी उभ्याच होत्या. स्टेशनात उतरल्या, जिना, काचेचं दार, लिफ्ट. हात्सुएच्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून लोणच्याचा वास येत होता.

"मग," हात्सुए म्हणाली, आकड्यांच्या बटणांकडे बघत, "सभा?"

चिगुसाचं मन झालंच होतं. पण मग तिला आठवलं, की लोणचं आलं म्हणजे बिअर आली, बिअर आली म्हणजे हात्सुए तिथेच आडवी होणार, दरवेळी व्हायची, आणि उशाशी ते यंत्र मांडून ठेवलेलं होतं.

"तुम्ही दमला असाल," ती म्हणाली. "गुडघाही बोलत असेल. सकाळी न्याहारीला करू या ना, सावकाश."

"हो हो. अगदी खरं." हात्सुएने लगेच मान डोलावली. "मग हे तुम्हीच ठेवा. माझ्या खोलीत वास राहील."

तिने पिशवी चिगुसाच्या हातात दिली. लिफ्ट थांबली. हात्सुए बाहेर पडली, वळली आणि दार मिटेपर्यंत वाकून उभी राहिली. चिगुसाही आतून वाकली. वर आल्यावर तिने मुखवटा लावला आणि सकाळी काय बोलायचं त्याची मनात उजळणी केली. 'फुलं बघायला भेटू.' नको, फारच गुळमुळीत. 'वर्षातून दोनदा भेटलंच पाहिजे.' हे बरं होतं. त्याच्यापुढचंही एक वाक्य तिच्याकडे होतं, आपलं घर रिकामं आहे, वरच्या खोलीत ऊन येतं, असं. पण ते तिने स्वतःशीही धड पुरं केलं नाही.

सकाळी न्याहारीच्या खोलीत ही गर्दी. हात्सुए आधीच आली होती आणि तिच्या पायाशी बॅग होती.

"निघालात?"

"सकाळचीच गाडी धरते म्हटलं. स्टेशन पायाशीच आहे, रेंगाळून काय करायचं? दुपारी बांधाबांध करणारी माणसं यायची आहेत."

"कसली बांधाबांध?"

हात्सुएने सूपचा वाडगा दोन्ही हातांनी धरला होता. तो तिने खाली ठेवला नाही.

"घर काढतेय. ते कधीचंच ठरलं होतं, कुठे जायचं तेवढं राहिलं होतं. साप्पोरोला जाते, मुलाकडे. तो केव्हाचा मागे लागला होता, मी आज-उद्या करत होते. काल खोलीत गेल्यावर फोन करून टाकला, म्हटलं, येते बाबा."

"काल?"

"हो. बसल्या बसल्या काय करायचं, नाही का."

शेजारच्या टेबलासाठी माणसं खोळंबली होती. दोघींनी घाईघाईने भात संपवला, ताटं नेऊन ठेवली, आणि त्यांना उठायला कुणी सांगायच्या आत उठल्या. खाली गेटपर्यंत जायला किती वेळ लागणार? चिगुसा हात्सुएची बॅग ओढत होती आणि तिच्या उजळणीतलं एकही वाक्य आता कुठे बसत नव्हतं. पार उत्तरेकडच्या साप्पोरोहून वर्षातून दोनदा कोण येणार?

गेटपाशी हात्सुए थांबली. पर्समधून तिकीट काढलं आणि हसली.

"आता सांगायला हरकत नाही. एक वेडेपणा डोक्यात होता माझ्या."

"कसला?"

"म्हटलं, रात्री दिवे मालवले की चिगुसा-सानना विचारायचं, आपण दोघी मिळूनच राहू या का. तुमच्याकडे म्हणा, नाहीतर मधे कुठेतरी. मुलाला मी तेवढ्यासाठीच लोंबकळत ठेवला होता." ती पुन्हा हसली, या खेपेला जरा मोठ्याने. "मग तुम्ही दोन खोल्या घेतल्यात. म्हटलं, बरं झालं बाई, विचारायच्या आधीच कळलं. तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला किती जड गेलं असतं! कालही लिफ्टमध्ये मी उगाच सभेचं काढलं. रागावू नका हं."

चिगुसाला म्हणायचं होतं, मी घोरते हो. एवढंच. यंत्र लावून झोपते, मला लाज वाटली. पण हे गेटसमोर कसं म्हणणार? आजूबाजूला एवढे लोक, मागे बॅगा घेतलेली रांग, हात्सुएची गाडी फलाटाला लागायच्या बेतात, आणि तिकडे साप्पोरोत मुलगा एव्हाना सुनेला सांगून मोकळाही झाला असेल. त्याच्या आनंदावर पाणी कसं ओतायचं? हा सगळा विचार तिच्या मनात एका दमात येऊन गेला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने जे वाक्य तोंडात तयार असतं तेच बाहेर पडलं.

"छान झालं. शेवटी आपल्या रक्ताची माणसं जवळ असलेली बरी."

हात्सुएने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. काहीतरी ऐकायची ती वाट पाहत असावी. मग तिने मान हलवली.

"हो ना. तसंच म्हणतात."

तिने तिकीट गेटमध्ये सरकवलं. पलीकडे जाऊन ते पुन्हा उचललं, बॅग सरळ केली, आणि वळून वाकली. आपल्या माणसाला हात हलवतात तसा तिने हात हलवला नाही. शाळेच्या समारंभात पालकांसमोर वाकतात तशी, नीट, खालपर्यंत वाकली. चिगुसाही वाकली. तिने मान वर केली तोवर हात्सुए सरकत्या जिन्यावर होती आणि तिचं फक्त डोकं दिसत होतं.

गाडी सुटायला अजून काही मिनिटं होती. प्रवासाचं कार्ड चिगुसाच्या खिशातच होतं. ते टेकवलं की गेट उघडलं असतं, वर एक जिना चढला की फलाट. ती दोन पावलं पुढे गेली. 'हात्सुए-सान, मी घोरते,' तिने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. फार अवघड नव्हतं. पुन्हा म्हटलं, या वेळी आवाज फुटला, शेजारून जाणाऱ्या माणसाने वळूनही पाहिलं.

तेवढ्यात मागून कुणाची तरी बॅग तिच्या टाचेला लागली. आपण गेट अडवून उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं.

"माफ करा, माफ करा," असं म्हणत ती अंग चोरून बाजूला झाली आणि तिने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं.