चिखलावरची पलटण

एसेक्विबोच्या किनाऱ्यावरचा चिखल भुकेला आहे. एकदा त्याने अख्खा ट्रॅक्टर गिळला आणि तीन वर्षांनी नुसता भोंगा परत केला. तो मी स्वतः वाजवून पाहिलाय. मी अडोनिस, गयानाच्या फौजेतला आचारी. खोटं बोलायला मला स्वयंपाकातून सवड कुठली?

त्या साली सहा देशांच्या फौजांचा सराव आमच्याकडे होता. जहाजावरचे बारा लुटुपुटूचे जखमी दुपारी बाराच्या आत किनाऱ्यावरच्या तंबूत आणायचे. सगळ्यांच्या वर पहिल्यांदाच आमची पोर, लेफ्टनंट वेव्हनी क्रिचलो. एक जरी जखमी उशिरा आला तरी पुढल्या वर्षीची सूत्रं दुसऱ्या देशाकडे.

नकाशा दोन वर्षांपूर्वीचा होता. आमचे चिखलाचे बांध दरसाल सरकतात, हे इथल्या शेळ्यांनाही ठाऊक. अकराला जखमींना आणणाऱ्या चारही बोटी किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर रुतल्या, वर ओहोटी. ब्राझीलचा सार्जंट वाल्दोमिरो, दाराएवढा गडी, त्यांच्याकडे चालत निघाला आणि चौथ्या पावलाला कमरेपर्यंत गेला. तो काय बोलला ते मी लिहीत नाही.

वेव्हनीचा चेहरा उतरला. "अडोनिस काका, संपलं सगळं."

"तुझे आजोबा कोळी होते ना गं? ते या चिखलात जाळी कशी लावायचे?"

तिची नजर माझ्या भटारखान्याकडे गेली. मग म्हणाली, "काका, तुमच्या जेवणाच्या टेबलांच्या फळ्या काढा."

"आणि फौज जेवणार कुठं?"

"उभ्याने."

तिच्या आजोबांची रीत ही: एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायाने मागे रेटा, की फळी लोण्यावरून सुरी जावी तशी जाते. आमच्या पोरांनी दाखवलं, जमैकावाल्यांनी उचललं, डचांनी आधी चर्चा केली. वाल्दोमिरोला उपटून फळीवर चढवला, तर तो इतका सुसाट सुटला की बोटी ओलांडून पुढं गेला; व्हेनेझुएलाच्या अलीकडेच थांबला म्हणून बरं.

पंच होते कॅनडाचे मेजर लाशाँस. "नियमांत फळ्या नाहीत, लेफ्टनंट."

"नियमांत चिखलही नव्हता, सर."

मेजर जवळून बघायला पुढं सरसावले आणि छातीपर्यंत गेले. बाराला नऊ मिनिटं कमी. दहा जखमी तंबूत पोचले होते, दोन वाटेत.

"सर, तुमच्यासाठी माणसं वळवली तर ते दोघे कागदावर मरतात," वेव्हनी म्हणाली. "थांबता का बारापर्यंत?"

"मी बुडतोय, बाई."

"मग तुम्ही तेरावे जखमी. वाल्दोमिरो, ते दोघे तुझे. काका, फळीचं दुसरं टोक धरा."

मेजरना फळीवर पालथं घालून आम्ही ओढत तंबूत आणलं, तेव्हा बाराला दोन मिनिटं होती. मागोमाग वाल्दोमिरो दोन फळ्या एकाच दोरीने खेचत आत शिरला.

वेव्हनीने वायरलेस उचलला. "बारा सांगितले होते, तेरा आणले. सगळे जिवंत."

सहा देशांची माणसं चिखलाने इतकी एकरंगी झाली होती की कोण कुठला ते ओळखू येईना. सगळे एकदमच ओरडले.

मेजरनी मिशीतला चिखल पुसला. "पुढल्या वर्षीही सूत्रं हिच्याकडेच," ते म्हणाले. "आणि मला आत्ताच शिकवा, कुठला गुडघा?"