सुट्टीतली कामं

टेबलावर पडल्यापासून माझा पाय हलत होता. सोनोग्राफी करणाऱ्या मैमुनाबीने दोनदा सांगितलं, अंकल, हिलना नहीं. उजव्या कानाखाली थंड जेल लावून ती यंत्र दाबत फिरवत होती. शूं शूं असा आवाज येत होता. एका जागी तो एकदम चिरका झाला. तो आवाज मला माहीत होता.

दोन वर्षांपूर्वी, नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये, याच खोलीत माझ्या बायकोच्या, वीणाच्या मानेतून तो आला होता. तिच्या डाव्या डोळ्यापुढे पाच मिनिटं अंधार झाला होता आणि उजव्या हातातलं लाटणं गळालं होतं. रक्त अरुंद जागेतून जोरात जातं तेव्हा आवाज चढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. नस ऐंशी टक्के बंद होती. दोन आठवड्यांत ऑपरेशन करून ती साफ करा, म्हणाले.

आमच्या फ्रिजवर सुट्टीत गावी करायच्या कामांची यादी असायची. इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडेच असते. कवळी, चष्मा, बँकेतली सही, सगळं सुट्टीत. वीणाने तिसऱ्या नंबरच्या गीझरखाली स्वतः लिहिलं, मानेचं ऑपरेशन. साताऱ्याला तिची बहीण होती बघायला, इथे कोण होतं? तिकिटं जूनची होती. मी हो म्हटलं. डॉक्टर उगाच घाबरवतात, असंही म्हटलं.

चोवीस मेला ती गेली.

गेल्या आठवड्यात माझ्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. म्हणून मी इथे होतो.

मैमुनाबीने मला ओळखलं नव्हतं. रोज किती माना बघत असेल. टिश्यू देत तिने विचारलं, "छुट्टी कब है, अंकल?"

इथे सगळेच विचारतात.

"मेरी वाइफ का भी आपने किया था," मी म्हटलं.

"अच्छा? अब कैसी हैं?"

"वो छुट्टी तक रुकी थी."

ती रिपोर्ट घेऊन स्वतःच डॉक्टरांकडे गेली.

पंचाहत्तर टक्के. डॉक्टरांनी कधी करायचं विचारलं, तेव्हा खरं सांगतो, जुलै हाच शब्द तोंडात आला होता. बहीण, सातारा, तिकीट, सगळं रांगेने आलं. मी पाय जमिनीवर दाबून धरला.

"सगळ्यात लवकरची तारीख कुठली?" मी विचारलं.

शनिवार, ते म्हणाले.

मुलीला, तनयाला, फोन केला. ती दुबईत नोकरीला आहे. "बट बाबा, युअर लीव्ह इज इन जुलै," ती म्हणाली. मग म्हणाली, "ओके. आय विल कम."

शनिवारपर्यंत तीन दिवस होते. बसवेना. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. वीणाची यादी अजून फ्रिजवर आहे. दोन वर्षं काढवली नाही. गीझर राहिलाच आहे. राहू दे.