यजमानांचा नकार

भाचीचं कामच ते होतं. ज्या समारंभांना फक्त निमंत्रितांनाच प्रवेश असतो, त्यांचे ऑनलाइन होकार-नकार सांभाळायचे. निमंत्रण मोबाइलवर जायचं, खाली 'येणार' आणि 'नाही येणार' अशी दोन बटणं. कुणी नाही म्हटलं की त्याची खुर्ची आपोआप प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला मिळायची आणि यजमानांच्या नावाने त्याला तसा निरोपही जायचा. लोक 'येणार' दाबून फिरकायचे नाहीत, 'नाही' दाबून सहकुटुंब हजर व्हायचे. एका बाईंनी तर 'आणखी काही सांगायचंय?' या रकान्यात शेजारणीची तक्रार लिहिली होती. भाचीला आता कशाचंच काही वाटत नसे.

त्यामुळे मावशीच्या लग्नाला पस्तीस वर्षं होणार म्हटल्यावर घरच्यांनी सगळं तिच्याच गळ्यात टाकलं.

"मोजकीच माणसं हवीत," काका, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि अजूनही बोलताना समोरच्याचा कर्जाचा अर्ज फेटाळल्यासारखे बोलत. "आणि तुझे बाबा नकोत."

"काका, अहो, ते तुमचे सख्खे साडू!"

"म्हणूनच सांगतोय. तुझी आई येऊ दे. तिच्याशी माझं काही वाकडं नाही."

भांडण जुनं होतं. दोन्ही कुटुंबं सहलीला गेली असताना दोघे साडू एका खोलीत झोपले होते. सकाळी नाश्त्याला काकांनी मोबाइल काढून बाबांच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. सगळे हसले. सोबत आलेले बाबांचे व्याहीसुद्धा हसले, आणि ते बाबांना फार लागलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"निदान प्रतीक्षायादीत तरी टाक गं," मावशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. भाचीने टाकलं. पहिलंच नाव बाबांचं.

निमंत्रणं गेली. भाचीने सवयीने यजमानांचा नंबरही त्यात घातला होता. काकांनी सकाळी चहा पिता पिता मोबाइल उघडला. "आपण या आनंदसोहळ्याला येणार का?" असं कुणीतरी त्यांना त्यांच्याच लग्नाच्या वाढदिवसाबद्दल विचारत होतं. बँकेत जन्म घालवलेला माणूस. अशा लिंका कशासाठी येतात हे त्यांना पाठ होतं. त्यांनी ठासून 'नाही येणार' दाबलं.

"आज एका भामट्याला चांगला धडा शिकवला," ते मावशीला म्हणाले.

"बरं झालं," मावशी म्हणाली. ती त्या वेळी ब्लाउजच्या बाह्या मोठ्या झाल्यात का ते बघत होती.

भाची त्या आठवड्यात दुसऱ्या एका मोठ्या समारंभात बुडाली होती. तिने मावशीच्या यादीकडे पाहिलंच नाही. सगळं आपोआप चालू होतं.

समारंभाच्या संध्याकाळी काकांनी मावशीला सभागृहाच्या दाराशी उतरवलं आणि ते गाडी लावायला गेले. जागा मिळाली ती पार मागच्या गल्लीत. घाम पुसत ते दाराशी आले, तर रखवालदाराने नाव विचारून टॅब्लेटवर बोट फिरवलं.

"तुम्ही नाही म्हटलंय."

"कशाला?"

"यायला."

"अहो, हा माझा कार्यक्रम आहे! तो फोटो बघा!"

रखवालदाराने दारातल्या भल्यामोठ्या फोटोकडे पाहिलं. मावशीच्या शेजारी दाट केसांचा, भरघोस मिशांचा एक देखणा तरुण उभा होता. मग त्याने काकांच्या डोक्याकडे पाहिलं. तो सभ्य माणूस होता, त्याने पुन्हा टॅब्लेटकडे पाहिलं.

काकांनी मावशीला फोन लावला. तो तिच्या पर्समध्ये, पर्स खुर्चीवर, आणि खुर्चीशेजारी गाण्याचा स्पीकर. भाचीचा फोन सारखा व्यस्त. रखवालदाराने बाजूचा बाक दाखवला. "बसा. कुणी ओळखीचं आलं तर बघू."

ओळखीचं आलं. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं आणि चेहऱ्यावर थोडा संकोच घेऊन बाबा आले. काकांना बाकावर बघून ते थबकले.

"तुम्ही इथे?" काकांच्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला कुणी बोलावलं?"

"तुम्हीच," बाबा म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला.

काकांनी चष्मा चढवला. 'आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे. आपण आलात तर मला मनापासून आनंद होईल.' खाली त्यांचंच नाव होतं.

"मी दोनदा वाचलं," बाबा म्हणाले. "म्हटलं, माणूस एवढं लिहितोय, तर आपणच कशाला ताणायचं?"

काकांनी घसा खाकरला. हे आपण लिहिलेलं नाही असं सांगायला तोंड उघडलं, पण समोर ती फुलं होती. त्यांनी तोंड मिटलं.

सगळा प्रकार कळल्यावर बाबा रखवालदाराला म्हणाले, "यांना माझ्या जागी सोडा."

"मी नाही जाणार दुसऱ्याच्या जागेवर," काका ताठ झाले.

"मग मीही नाही." बाबा बाकावर टेकले.

आतून टाळ्या ऐकू आल्या.

"ते रेकॉर्डिंग आहे का अजून?" बाबांनी अचानक विचारलं.

"आहे."

"लावा. मी कधी नीट ऐकलंच नाही. रागात होतो."

काकांनी लावलं. सुरुवातीला एकच दणदणीत घोरणं. काका नेहमी तेवढंच ऐकवत. पण त्या रात्री रेकॉर्डिंग चालू ठेवून त्यांनाही झोप लागली होती. बाबांनी बंद करू दिलं नाही. थोड्या वेळाने त्या घोरण्यात एक बारीक शिट्टी मिसळली, मग शिट्टीचा हळूहळू भोंगा झाला.

"हा दुसरा कोण?" बाबा म्हणाले. "खोलीत आपण दोघेच होतो ना, साडूबुवा?"

काकांनी कान जवळ नेला. "पंखा असेल."

"पंखा मध्येच 'आई गं' म्हणतो?"

रखवालदार तोंड फिरवून हसला. बाबा हसू दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. काका त्यांच्या पाठीवर थापटत राहिले, आणि थापटता थापटता स्वतःच असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं.

"लावू का आत सगळ्यांसमोर?" बाबांनी विचारलं.

"खबरदार!"

इतक्यात भाची धावत बाहेर आली. आत तिने यादी उघडली होती आणि नकारांत काकांचं नाव तिला दिसलं होतं. बाकावर दोघांना खांद्याला खांदा लावून बसलेलं बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"काका, तुम्ही 'नाही' दाबलंत?"

"आधी फोटो बदल तो," काका म्हणाले. "माणसं ओळखत नाहीत."

ती दोघांना आत घेऊन गेली. मावशी माइक हातात घेऊन बोलत होती. नवऱ्याची वाट बघून कंटाळल्यावर तिने एकटीनेच भाषण सुरू केलं होतं, आणि एरवी काका मध्येमध्ये दुरुस्त्या करत, तशा करायला कुणी नसल्यामुळे ती भलतीच रंगली होती. लोक पोट धरून हसत होते. आई पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. तिचं लक्ष दाराकडे गेलं, मग शेजारीशेजारी उभ्या त्या दोघांकडे, आणि तिने मावशीला खूण केली.

मावशीने पाहिलं.

"या," ती माइकवरूनच म्हणाली. "दोघेही बसा. आणि मध्ये बोलायचं नाही. माझं अजून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षावर चाललंय."